ऑल-इन-वन संगणक : सुधारून वापरावा की नवा घ्यावा ?

आपल्या संघाच्या सभासदांपैकी बहुतेकांच्या पेढीवर लाल कापडी बांधणीच्या वह्यांची जागा आता संगणकाने घेतली आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, आणि तोवर ज्यांनी हा खर्च पुढे ढकलला होता त्यांनाही तो करणे भाग पडले. त्या सुमारास बेळगाव, निपाणी, संकेश्वर, चिकोडी येथील पेढ्यांवर जे संगणक आले, त्यांपैकी आमच्या पाहण्यातील पुष्कळसे ‘ऑल-इन-वन’ जातीचे, म्हणजे पडदा आणि यंत्र एकाच चौकटीत बसविलेले, असे होते. ही निवड स्वाभाविक होती. गादीशेजारच्या लहानशा मेजावर तो मावतो, तारांचा गुंता होत नाही, आणि पेढीवर आलेल्या माणसाला तो नीटनेटका दिसतो. आता या यंत्रांना बरीच वर्षे लोटली आहेत. सकाळी कळ दाबल्यापासून पहिले बिल निघेपर्यंत दहा-दहा मिनिटे जातात. विवरणपत्र भरण्याची तारीख जवळ आली म्हणजे तर दिवाणजींची सहनशक्तीच संपते. अशा वेळी एक विक्रेता सांगतो, ‘हा आता मोडीत काढा, नवा घ्या.’ दुसरा सांगतो, ‘थोड्या पैशांत नव्यासारखा करून देतो.’ दोघेही आपापला माल विकीत असतात, आणि मालक बुचकळ्यात पडतो.

यांपैकी कोणाचे ऐकावे हे ज्याचे त्याला ठरविता यावे, एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. ऑल-इन-वनची जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविणे बहुधा फायद्याचे ठरते. रॅम वाढविणे कधी कधी. बाकीच्या भागांवर पैसा घालणे जवळजवळ कधीच नाही. परंतु हे सारे एका वेगळ्याच गोष्टीवर अवलंबून आहे, आणि ती म्हणजे प्रोसेसरची पिढी. ती न पाहता केलेला खर्च पुष्कळदा बुडीत खाती जातो.

प्रथम हे यंत्र आहे तरी काय, ते पाहू. बाहेरून तो मेजावरचा संगणक दिसला, तरी आतून तो बहुधा लॅपटॉपच असतो. साध्या उभ्या पेटीच्या संगणकात हवा खेळण्यास जागा असते. बाजूचे झाकण दोन-चार स्क्रू काढले की उघडते, आणि पुढेमागे काही वाढवावयाचे झाल्यास आत रिकाम्या खाचा ठेवलेल्या असतात. ऑल-इन-वनमध्ये हे सर्व पडद्यामागच्या दोन-तीन बोटे जाडीच्या पोकळीत कोंबावे लागते. त्यामुळे त्यात लॅपटॉपची आखूड रॅमपट्टी, पुष्कळदा लॅपटॉपचीच अडीच इंची डिस्क, आणि कमी विजेवर चालणारा व कमी तापणारा प्रोसेसर घालतात. हा प्रोसेसर अनेक मॉडेलांत, सोनाराने डाग द्यावा तसा, मदरबोर्डला कायमचा जोडलेला असतो. तो काढून दुसरा बसविता येत नाही. वीजपुरवठाही बाहेरच्या विटेएवढ्या अ‍ॅडॉप्टरमधून येतो आणि तो मोजूनमापून दिलेला असतो. म्हणून वेगळे ग्राफिक्स कार्ड वगैरे जोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

ही अडचण आजची नव्हे. ॲपल कंपनीने २४ जानेवारी १९८४ रोजी जो पहिला मॅकिंटॉश बाजारात आणला, तो ऑल-इन-वनच होता. नऊ इंची पडदा, आणि स्मृती अवघी १२८ किलोबाइट. तीही मदरबोर्डवर डाग देऊन बसविलेली. पेटी उघडण्यास लांब दांड्याचा खास स्क्रूड्रायव्हर लागे. ती स्मृती कामास अपुरी पडते हे घेणाऱ्यांच्या लगेच ध्यानात आले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कंपनीने ५१२ किलोबाइटचे मॉडेल काढले. त्याच कंपनीने पुढे काही काळ अधिक उदार धोरण ठेवले. २०१४ ते २०२० या काळातील २७ इंची ‘५के’ आयमॅकच्या पाठीमागे एक लहानसे दार असे, ते उघडून मालकाला स्वतः रॅम वाढविता येई. २०२१ मध्ये आलेल्या २४ इंची आयमॅकमध्ये ते दार राहिले नाही, कारण त्याची रॅम प्रोसेसरच्याच तबकडीवर बसविलेली असून तीत मागाहून काहीही भर घालता येत नाही. असे यंत्र घेताना जेवढे घेतले तेवढेच अखेरपर्यंत. आपल्याकडे पेढ्यांवर बहुधा विंडोजची यंत्रे असतात व त्यांत अद्याप पुष्कळ सवलत आहे. म्हणून पुढील विवेचन त्यांनाच धरून केले आहे.

यंत्र मंद का होते ? ‘जुने झाले म्हणून’ हे उत्तर सर्रास दिले जाते, पण ते पुरेसे नाही. प्रोसेसर माणसासारखा थकत नाही; सात वर्षांपूर्वी तो ज्या वेगाने बेरीज करीत होता त्याच वेगाने आजही करतो. खरी मेख बहुधा हार्ड डिस्कमध्ये असते. आपल्या व्यवहारातला दाखला घेऊ. प्रोसेसर म्हणजे दिवाणजी, रॅम म्हणजे त्यांच्या पुढ्यातले मेज, आणि हार्ड डिस्क म्हणजे मागचे कोठार. दिवाणजी कितीही चपळ असले, तरी प्रत्येक कागदासाठी हमाल कोठारात जाऊन येईपर्यंत त्यांना हात चोळीत बसावे लागते. स्वस्त ऑल-इन-वनमधील डिस्क पुष्कळदा मिनिटास ५,४०० फेरे घेणारी असते. म्हणजे सेकंदास ९० फेरे. एका फेऱ्यास ११ सहस्रांश सेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या काट्याखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच सहस्रांश लागतात, आणि काटा योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी दहा-बारा. अशा रीतीने विखुरलेली माहिती आणावयाची झाल्यास आपला हमाल सेकंदाला साठच्या आसपास खेपा करतो, त्यापेक्षा फार अधिक नाही. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. तेथे एका खेपेस एक सहस्रांश सेकंदाचा साधारण दहावा हिस्सा पुरतो, आणि अनेक खेपा एकदम चालतात. विंडोज सुरू होताना, व्हायरसची तपासणी चालू असताना, किंवा पाठीमागे अपडेट उतरत असताना अशा हजारो किरकोळ खेपा पडतात. साठाच्या ठिकाणी हजारो खेपा होऊ लागल्या म्हणजे दहा मिनिटांचे काम मिनिटाच्या आत होते, ते यामुळे.

हे आपल्या यंत्राला लागू आहे की नाही, हे पाहण्यास कोणाला बोलवावे लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या; ‘टास्क मॅनेजर’ उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’ या सदराखाली डिस्क, मेमरी आणि प्रोसेसर यांचे आलेख दिसतात. यंत्र रखडत असताना डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना चिकटून बसला आहे आणि प्रोसेसर मात्र २०-३० टक्क्यांवर आरामात आहे, असे दिसले तर निदान झाले. तेथेच डिस्कच्या नावाखाली ती एचडीडी आहे की एसएसडी हेही अलीकडच्या विंडोजमध्ये लिहिलेले असते. आधीच एसएसडी असून यंत्र रखडत असेल, तर दोष दुसरीकडे शोधावा; तेथे विक्रेत्याचे ‘आणखी मोठी टाका’ ऐकू नये.

रॅमची गोष्ट थोडी निराळी आहे. मेज लहान असले म्हणजे दिवाणजींना एक वही उघडण्यासाठी दुसरी कोठारात पाठवावी लागते. रॅम पुरेनाशी झाली की विंडोज नेमके हेच करते, आणि कोठार जर फिरत्या डिस्कचे असेल तर दुप्पट हाल होतात. चार जीबी रॅमच्या यंत्रात विंडोजच बरीचशी जागा अडविते. त्यात टॅली उघडलेली, कराचे पोर्टल, बँकेचे पान आणि व्हॉट्सअ‍ॅप चालू, म्हणजे मेज भरून वाहू लागते. अशा ठिकाणी चाराचे आठ जीबी करणे योग्यच. परंतु आठाचे सोळा करण्याने केवळ हिशेब व बिले एवढेच काम असणाऱ्या पेढीला फारसा फरक जाणवणार नाही. छायाचित्रे किंवा कापडाच्या नक्षीचे काम करणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

रॅम घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्या. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ असे लिहिलेले असते. ‘दोनपैकी एक’ असेल तर एक खाच मोकळी आहे. तेथेच ‘फॉर्म फॅक्टर’ या शब्दांपुढे ‘सोडिम’ असेल तर पट्टी बदलता येते. ‘रो ऑफ चिप्स’ असे असेल तर स्मृती मदरबोर्डलाच जोडलेली आहे असे समजावे. दुसरे, डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या तिन्ही पट्ट्यांची खोबण निरनिराळ्या ठिकाणी असते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. तिसरी गोष्ट फारच थोडे विक्रेते सांगतात. काही जुन्या यंत्रांवर ३२-बिट विंडोज घातलेले असते, आणि ते चार जीबीपलीकडची रॅम वापरूच शकत नाही. तेथे आठ जीबी घातली तरी उरलेली निजूनच राहते. ६४-बिट विंडोज नव्याने घातल्यावाचून त्या खर्चाचा उपयोग नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबविला. यंत्र त्या दिवशी बंद पडले नाही, आणि म्हणूनच अनेकांना वाटले की काहीच झाले नाही. वस्तुतः त्या दिवसापासून नव्याने सापडणाऱ्या चोरवाटा बुजविणे थांबले. ज्या यंत्रावरून आपण बँकेचे व्यवहार करतो, ज्यात गिऱ्हाइकांची उधारी-वसुली आहे, त्याच्या कुलपाची दुरुस्ती कोणी करणार नाही, असा त्याचा अर्थ. मुदतवाढ मिळते, पण ती विकत घ्यावी लागते. व्यापारी संस्थांसाठी पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, आणि जास्तीत जास्त तीन वर्षे असा दर कंपनीने जाहीर केला. तीन वर्षांचे मिळून ४२७ डॉलर होतात. जुन्या ऑल-इन-वनवर एवढी रक्कम घालणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. घरगुती ग्राहकांना एक वर्षाची वेगळी सवलत देण्यात आली, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ही ठरविण्यात आली.

विंडोज ११ ला इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो; एखाददुसरा अपवाद सोडून द्यावा. पिढी ओळखण्याची खूण सोपी आहे. ‘कोअर आय-३ ७१३०यू’ यात आय-३ नंतरच्या चार आकड्यांतील पहिला ७ आहे, म्हणजे सातवी पिढी. हे यंत्र बाहेर. ‘कोअर आय-५ ८२५०यू’ म्हणजे आठवी, हे आत. दहावीपासून पुढे पहिले दोन आकडे पाहावे, जसे ‘१०२१०यू’. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आय-७ असले म्हणजे आय-३ पेक्षा वरचढ, म्हणून जुने आय-७ चालेल, असे लोक धरून चालतात. सहाव्या पिढीचे आय-७ बाहेर राहते आणि आठव्या पिढीचे आय-३ आत जाते. पेंटियम व सेलेरॉन नावाच्या स्वस्त यंत्रांचे तर आणखी फसवे आहे : ‘पेंटियम जे-३७१०’ यादीत नाही, ‘पेंटियम सिल्व्हर जे-५००५’ आहे. एएमडीच्या ए-मालिकेची यंत्रे बाहेर आहेत. रायझन नाव असले तरी पहिल्या पिढीचे चालत नाहीत. तेथे मायक्रोसॉफ्टची यादीच पाहिलेली बरी. त्या कंपनीचे ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचे विनामूल्य साधन चालविले की यंत्र पात्र आहे की नाही, हे ते सांगते. मात्र प्रोसेसर आठव्या पिढीचा असूनही ते ‘अपात्र’ म्हणाले, तर घाबरू नये. पुष्कळदा टीपीएम नावाची सुरक्षेची सोय बायोसमध्ये केवळ बंद ठेवलेली असते. ती चालू केली की काम होते.

अपात्र यंत्रावरही आडवाटेने विंडोज ११ घालून देणारे कारागीर बाजारात आहेत. घालता येते हे खरे. पण अशा यंत्रास पुढील अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि हिशेबाच्या यंत्रावर अशी उसनवारी आम्हांस पसंत नाही. मुलांच्या अभ्यासाला किंवा गोदामातल्या नोंदीला ठेवावयाचा असेल तर लिनक्स हा मार्ग स्वच्छ आहे. तो विनामूल्य असून जुन्या यंत्रावर सुखाने चालतो. फक्त टॅलीसारखी विंडोजची कामे त्यावर नीट होतील अशी अपेक्षा धरू नये.

निपाणीच्या आमच्या परिचयाच्या एका तंबाखूच्या पेढीचे उदाहरण येथे बोलके आहे. त्यांनी २०२४ च्या दिवाळीच्या सुमारास आपल्या ऑल-इन-वनमध्ये एसएसडी घातली, रॅम आठाची सोळा केली, आणि पडद्यावर रेघ दिसू लागली होती म्हणून पडदाही बदलला. यंत्र खरोखर चपळ झाले. प्रोसेसर सहाव्या पिढीचा होता, हे मात्र कोणी पाहिले नाही. पुढच्याच वर्षी विंडोजचा प्रश्न उभा राहिला व त्यांना नवा संगणक घ्यावा लागला. एसएसडी बाहेरच्या डबीत घालून बॅकअपसाठी उपयोगी आली. रॅमला नव्या यंत्रात जागा नव्हती, आणि पडदा तर जुन्या चौकटीबरोबरच पडून आहे.

पडद्याची ही गोष्ट ऑल-इन-वनच्या व्यवहारातील सर्वांत मोठी मेख आहे. साध्या संगणकाची पेटी गेली तरी मॉनिटर राहतो, आणि तो दुसऱ्या पेटीला जोडून आणखी दहा वर्षे वापरता येतो. ऑल-इन-वनमध्ये मदरबोर्ड गेला की चांगला पडदाही त्याच्याबरोबर सती जातो. मागे एचडीएमआयची खाच दिसते म्हणून पुष्कळ लोक समजतात की दुसऱ्या यंत्राचे चित्र यावर आणता येईल. बहुतेक मॉडेलांत ती खाच चित्र बाहेर नेण्याची असते, आत घेण्याची नव्हे. थोड्या मॉडेलांत आत घेणारी खाचही असते; खरेदीपूर्वी तेवढे पाहून ठेवणे शहाणपणाचे. म्हणून पडदा किंवा मदरबोर्ड बिघडला असेल तर आम्ही दुरुस्तीच्या बाजूने बोलणार नाही.

खर्चाचा हिशेब आपल्याच पद्धतीने मांडू. २०१९-२० च्या आरंभी ४५,००० रुपयांस घेतलेला संगणक ४० टक्के घसाऱ्याने सहाव्या वर्षाअखेर वहीत सुमारे २,१०० रुपयांचा राहतो. यावरून काही जण म्हणतात की, दोन हजारांच्या वस्तूवर पाच-सहा हजार कशाला घालावे ? हा विचार चुकीचा आहे. वहीतली किंमत हा मागच्या खर्चाचा उरलेला आकडा आहे. पुढे मिळणाऱ्या सेवेचे ते माप नव्हे. समजा, सुधारणेला मजुरीसह ६,००० रुपये लागले आणि यंत्र आणखी तीन वर्षे चालले, तर वर्षास २,००० पडले. समजा, नवा ५०,००० ला येतो व सात वर्षे चालतो, तर वर्षास सात हजारांहून थोडे अधिक. प्रोसेसर आठव्या पिढीचा असेल तर सुधारणा सरळ फायद्याची. प्रोसेसर जुना असून यंत्र वर्षभरातच बदलावे लागणार असेल, तर तेच सहा हजार एका वर्षाच्या डोक्यावर येतात, आणि वर नवा घेणे आहेच. याशिवाय दिवाणजींचा वेळ. रोजचा अर्धा तास वाचला तर पंचवीस दिवसांत साडेबारा तास होतात. हा आकडा पगाराच्या हिशेबात मांडून पाहावा.

भागांच्या बाजाराविषयी एक सूचना. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव जगभर एकाएकी चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहिलेल्या प्रचंड संगणक-केंद्रांनी चिपांची मागणी वाढविली, आणि कारखानदारांनी आपले उत्पादन तिकडे वळविले. तेजी-मंदी आपल्या सभासदांना शिकवावयास नको. पण मागल्या वर्षी शेजाऱ्याला पडलेला भाव धरून अंदाज बांधू नये, त्या दिवसाचा भाव विचारावा. जुनी यंत्रे फोडून काढलेली रॅम हिशेबाच्या कामास पुष्कळदा पुरते व स्वस्त पडते. एसएसडी मात्र सीलबंद, नामांकित कंपनीची आणि पक्क्या बिलानेच घ्यावी. तीन ते पाच वर्षांची हमी अनेक कंपन्या देतात, आणि बिल असेल तरच ती हमी व कराची वजावट दोन्ही मिळतात. डिस्क बदलली म्हणून विंडोज पुन्हा विकत घ्यावे लागते, असे कोणी म्हटल्यास मानू नये. कंपनीने यंत्राबरोबर दिलेल्या विंडोजची ओळख मदरबोर्डमध्ये साठविलेली असते. टॅलीचे लायसन्स मात्र यंत्राशी बांधलेले असल्यामुळे, नव्या डिस्कवर सर्व कोरे घालावयाचे असेल तर आधी जुन्यावरून ते ‘सरेंडर’ करून घेणे सोयीचे जाते.

यंत्र उघडण्याचे काम घरी करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. काही मॉडेलांची पाठ सहज निघते, परंतु काहींत पडदाच पुढून सोडवावा लागतो, आणि पडद्यामागची नाजूक पट्टी तुटली तर एसएसडीच्या कितीतरी पट खर्च अंगावर येतो. डेल, एचपी, लेनोव्हो या कंपन्या आपल्या बहुतेक मॉडेलांची उघडण्याची पुस्तिका संकेतस्थळावर ठेवतात. कारागिराने ती पाहिली आहे काय, एवढे विचारावे. आणि एकदा उघडलेच आहे तर आतील धूळ काढून घ्यावी. मिरची, तंबाखू, भुसार यांच्या पेढ्यांवर पंखा व त्यापुढच्या जाळ्या धुळीने इतक्या बुजतात की प्रोसेसर तापून आपला वेग आपणच कमी करतो. संकेश्वरच्या एका मिरचीच्या व्यापाऱ्याचे यंत्र दुपारनंतरच मंद होई. आतून निघालेली लालसर गादी पाहिल्यावर कारणाची चर्चा करावी लागली नाही. साफसफाई झाली, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप नवा लावला, आणि दुसरे काहीच विकत घ्यावे लागले नाही.

आणखी एका खर्चाविषयी लिहितो. तो सुधारणा म्हणून कोणी धरीत नाही, पण आमच्या मते तो पहिला करावा. लॅपटॉपला बॅटरी असते. ऑल-इन-वन आतून लॅपटॉप असूनही त्याला ती नसते. बिल चालू असताना वीज गेली तर हिशेबाची फाइल बिघडू शकते. हे यंत्र वीज कमी खात असल्याने लहानसा यूपीएसही त्यास पुरतो.

डिस्क बदलताना ज्या गोष्टीची सर्वाधिक भीती बाळगावी ती म्हणजे जुन्या हिशेबाची. वस्तू व सेवा कराच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. आमच्या माहितीतील कापडाच्या एका दुकानी डिस्क मार्चअखेरीस बंद पडली. बॅकअप रोज नियमाने घेतला जात असे, परंतु तो ‘डी’ या कप्प्यात. सी आणि डी ही एकाच डिस्कच्या दोन भागांची नावे आहेत. डिस्क गेली तेव्हा दोन्ही एकदम गेले. छापलेली बिले आणि पोर्टलवरील विवरणपत्रे जुळवून वही पुन्हा उभी करण्यात घरची तीन माणसे कित्येक आठवडे गुंतली. म्हणून कारागीर येण्यापूर्वी बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यावा, तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा, आणि मगच यंत्र त्याच्या हाती द्यावे. काम झाल्यावर काढलेली जुनी डिस्क त्याच्याकडे राहू देऊ नये. तिच्यावर तारीख व वर्षे लिहून ती तिजोरीत ठेवावी. मुदत संपल्यावर आतील माहिती पुसून, भंगारवाल्याऐवजी ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत केंद्राकडे द्यावी.

नवाच घ्यावयाचे ठरले, तर पुन्हा ऑल-इन-वन घ्यावा काय ? जागेची अडचण खरोखर असेल तर घ्यावा. पण रॅमची खाच मोकळी असलेला, बाहेरून चित्र आत घेणारी एचडीएमआय असलेला, आणि आरंभापासून एसएसडीचा. जागा थोडी अधिक असेल तर आम्ही वेगळा मॉनिटर आणि त्याच्या पाठीला अडकविता येणारा हाताच्या पंज्याएवढा मिनी संगणक सुचवू. मेजावर तो तितकाच सुटसुटीत दिसतो. पुढे मंद झाला तर दोन-चार स्क्रू काढून उघडतो, आणि अगदीच निकामी झाला तरी मॉनिटर, कळफलक व माउस जागच्या जागी राहून तेवढी पंज्याएवढी पेटीच बदलावी लागते.